कवट्या मोजणाऱ्यांना उत्तर

महोदय,

अमेरिकेतील गुलामीविरोधी कथा-कादंबऱ्यांची चर्चा बहुधा करुणेपाशीच थांबते. त्या काळी विज्ञानाच्या नावाखाली काय चालले होते, हेही सांगायला हवे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांचे पळून जाणे हा मनोविकार ठरवला, त्याला ‘ड्रेपटोमॅनिया’ असे नाव दिले आणि उपायांत चाबूकही सांगितला! स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५३ मध्ये ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही कथा लिहिली. ‘क्रिओल’ जहाजावर १८४१ मध्ये बंड करणारा मॅडिसन वॉशिंग्टन तिचा नायक. इथे पळणारा माणूस रोगी नाही. तो विचार करतो, बेत आखतो. पुढल्याच वर्षी ओहायोतील व्याख्यानात डग्लस यांनी कवट्या मोजणाऱ्यांचे, म्हणजे कवटीच्या मापावरून वंशांची उच्चनीचता ठरवणाऱ्या विद्वानांचे, ग्रंथच तपासायला घेतले. त्या ग्रंथांतील चित्रांत युरोपीय चेहरे तेवढे देखणे आणि कृष्णवर्णीयांचे विद्रूप का, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणूनच अशा वंशवादासाठी वैज्ञानिक विवेकालाच आरोपी ठरवणाऱ्या अभ्यासकांशी मी सहमत नाही. डग्लस यांनी विवेक सोडला नाही, तो कवट्या मोजणाऱ्यांवरच उलटवला.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली. त्या महाराष्ट्रात हे व्याख्यान महाविद्यालयांतून मराठीत शिकवले जावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा