शेतातले स्फुरद, मुंबईचे पाणी

महोदय,
पवई तलावातली जलपर्णी पाहून आपण सांडपाण्याला बोल लावतो, ते बरोबरच. पण आपल्या नळाचे पाणी भातसा, तानसा, वैतरणेचे. त्यांच्या पाणलोटात भातखाचरे आहेत. गेल्या जुलैत कसाऱ्याकडे मामाच्या शेतात पाहिले: डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस असलेले दाणेदार खत) फोकले, तासाभरात सर कोसळली, बांध फुटला आणि तांबडा गढूळ लोंढा थेट ओहोळात. मातीच्या कणांना चिकटलेले स्फुरद असेच वाहते आणि साचल्या पाण्यात शेवाळ पोसते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद (खतांत मोजतात तसे, ऑक्साइडच्या रूपात). मामाचे पैसेही वाहिलेच! खत चिखलणीतच मातीत मिसळावे, मात्रा माती तपासून ठरवावी. तिथले पाणी उचलणाऱ्या महापालिकेने या माती परीक्षणाचा खर्च उचलायला काय हरकत आहे?

– एक वाचक, मुलुंड