गोळी कोणत्या धातूची, हेही परवानगीत लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरांच्या उपद्रवावर आपल्या दैनिकात येणाऱ्या पत्रांत परवानगी, पंचनामा आणि भरपाई यांची चर्चा असते; गोळी कशाची असावी, याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. पाटण तालुक्यात डोंगरालगत माझी शेती असून पीक संरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोअर बंदूक वडिलांपासून घरात आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार थांबली, ते योग्यच झाले. वनविभागाच्या लेखी परवानगीने मारलेल्या डुकराचा पंचनामा होतो, पण गोळी लागूनही उसात शिरलेल्या डुकराचे काय? ते दोन दिवसांनी ओढ्याकाठी मरून पडते आणि कोल्हे, घारी, गावातली कुत्री त्यावर तुटून पडतात. नेहमीची गोळी शिशाची असते, आणि शिसे मऊ असल्याने हाडावर आदळताच त्याचे बारीक कण होतात आणि जखमेपासून वीतभर अंतरावरच्या मांसातही पसरतात. कॅलिफोर्नियातील काँडर नावाचे गिधाडासारखे पक्षी असे मांस खाऊन विषबाधेने मरू लागले, म्हणून तेथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्ये आणि रायफलीच्या शिशाच्या गोळ्या २०२४ मध्ये बंद केल्या.

तांब्याची गोळी सहसा फुटत नाही. तिचे तोंड पाकळ्यांसारखे उमलते आणि वजन जवळजवळ तेवढेच राहते. अर्थात तिच्यातही उणिवा आहेत. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि वेग कमी पडला तर पाकळ्या उमलतच नाहीत. म्हणजे लांबून बार टाकण्याची सवय सोडावी लागेल. किंमतही जास्त. आमच्याकडे अनेकांना वाटते की रायफलीची गोळी तांब्याचीच असते. प्रत्यक्षात ते नुसते वेष्टन, पोट शिशाचे. मी एका दुकानात निखळ तांब्याची गोळी मागितली, तेव्हा दुकानदाराने मला हसत भांड्यांच्या आळीचा रस्ता दाखवला.

ठासणीच्या बंदुकीसाठी चुलीवर पळीत शिसे वितळवून छर्रे पाडताना मी लहानपणी पाहिले आहे, आणि तीच पळी नंतर आमटीत बुडालेलीही पाहिली आहे. शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढी गोष्ट तरी गावागावांत आजच थांबवता येईल.

वनविभागाने परवानगीपत्रात दोन अटी घालाव्यात: जखमी जनावराचा माग काढणे बंधनकारक असावे, आणि ते मेलेले सापडल्यास पंचनाम्यानंतर खोल पुरावे. बारा बोअरची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. तेथे शिसेविरहित काडतुसे तयार करण्याबाबत राज्य शासनाने केंद्राकडे पत्रव्यवहार करावा. ती रास्त दरात मिळू लागली की परवानगीत धातूची तिसरी अटही घालता येईल.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी,
ता. पाटण, जि. सातारा