वाणिज्य पदवीधरांनाही ईआरपी शिकवा

ईआरपीसारखे (कंपनीची खरेदी, साठा, हिशेब असा सगळा कारभार एकत्र सांभाळणारे) एंटरप्राइज सॉफ्टवेअर आणि ते हाताळणारे कुशल मनुष्यबळ यांना उद्योगांकडून असलेली मागणी टिकून आहे, हे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. निष्कर्ष पटला, ही संधी केवळ संगणक अभियंत्यांची आहे, हा त्यातला सूर मात्र पटला नाही. 'सॅप' या सॉफ्टवेअर कंपनीच्या ईसीसी या जुन्या ईआरपी प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबणार असल्याने अनेक कंपन्या 'सॅप'च्याच एस/४ हाना या नव्या प्रणालीकडे वळत आहेत. या कामात प्रोग्रॅमिंगइतकीच गरज असते ती खरेदी, साठा, उत्पादनखर्च आणि जीएसटी यांची साखळी समजणाऱ्या माणसाची. गोदामात उतरलेल्या मालाची नोंद खात्यांत कशी उमटते, हे ज्याला कळत नाही त्याला ही प्रणाली नीट बसवता येत नाही. आणि हेच तर आपण बी.कॉम.च्या वर्गात शिकवतो!

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो. तीच मुले पदवीनंतर मिळेल त्या पगारावर मुंबई गाठतात, याचे फार वाईट वाटते. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना परस्परांतील व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) सक्तीचे आहे. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे, मिरजोळे येथील मध्यम कारखान्यांनाही हिशेब आणि अशी प्रणाली दोन्ही समजणारी माणसे लागतात. मुंबई विद्यापीठाने रत्नागिरी उपपरिसरात वाणिज्य पदवीधरांसाठी ईआरपीचा एका सत्राचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि स्थानिक कारखान्यातील प्रत्यक्ष काम त्यात अनिवार्य ठेवावे.

– एक वाणिज्य शिक्षक, चिपळूण