यंदा टी-शर्ट नको, मैदानाला अवजारं द्या

सप्रेम नमस्कार.

सांगलीत मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवणाऱ्या आमच्या मंडळाला या शहराने आजवर भरभरून दिलं आहे. कुणी चषक दिले, कुणी टी-शर्ट छापून दिले, कुणी स्पर्धेच्या सकाळी पोह्यांची सोय केली. यंदा आम्ही जे मागतोय ते फोटोत फारसं शोभणारं नाही. खिळ्यांची चौकट, जड फळी, लोखंडी जाळी, दाताळी, धुम्मस, चाळलेला मुरूम आणि एका दिवसापुरता एक छोटा ट्रॅक्टर. मैदानाचा इनफिल्ड, म्हणजे होम प्लेट (चेंडू मारणारी बॅटर उभी राहते ती जागा) आणि तीन बेस (धावताना गाठायचे टप्पे) यांच्या आजूबाजूचा मातीचा भाग, आम्हाला पातळीत आणायचा आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांना वाटेल, मातीच तर आहे, थोडी खालीवर असली म्हणून काय झालं? क्रिकेटमध्ये बावीस यार्डांची खेळपट्टी नीट असली की बरंचसं भागतं. सॉफ्टबॉलमध्ये एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर असतो, मुलींच्या सामन्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होम प्लेटपासून ४३ फुटांवर उभी असते, आणि जमिनीलगत मारलेला चेंडू अडवणारी मुलगी याच टापूत वाकून थांबलेली असते. चेंडूचा घेर १२ इंच, वजन पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. चेंडू सरळ येईल या भरवशावर ती ग्लोव्ह खाली लावते, आणि तो मध्येच टाचेने पडलेल्या खड्ड्याच्या कडेला लागून हनुवटीपर्यंत उसळतो. दुखापतीची भीती आहेच. पण प्रशिक्षक म्हणून आम्हाला जास्त खुपतं ते वेगळंच. दोनचारदा असं झालं की मुलं चेंडूवर नजर ठेवायच्या ऐवजी ऐन वेळी मान फिरवायला लागतात. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. मग जिल्ह्याबाहेर चांगल्या मैदानावर गेल्यावरही आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू, जमिनीलगत आलेल्या सोप्या चेंडूला तोंड चुकवतो आणि बघणारे म्हणतात, सांगलीची पोरं घाबरट.

मैदान असं का झालं, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. नदीजवळची जागा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाळ आणून टाकला. हा गाळ पिठासारखा बारीक, वाळला की त्याची पापडी धरते आणि पायाखाली त्याचा फुफाटा होतो. खाली मूळची काळी माती, तिला उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगवटा. त्यात प्रदर्शनं, सभा, मांडव. मांडव उतरतो, बांबूंचे खड्डे तसेच राहतात. बुजवायचं काम कुणाचं, यावर दरवर्षी नव्याने चर्चा होते.

आता ‘एकदा रोलर फिरवून घ्या की’ या सल्ल्याविषयी. सल्ला आपुलकीचा असतो, पण रोलर जमीन दाबतो, सपाट करत नाही. उंचवटा दाबून घट्ट उंचवटा होतो आणि खड्डा दाबून घट्ट खड्डा. शिवाय जड रोलरने वरचा थर दगडासारखा झाला तर बेस गाठायला घसरत जाणाऱ्या मुलांचे गुडघे सोलून निघतात. इनफिल्डला खालचा थर घट्ट आणि वर पाव इंच सुटी माती लागते. हे साधायचं तर उंच भाग कापायचा, खोल भाग भरायचा, आणि भरताना आधी खालची माती खरवडून घ्यायची. गुळगुळीत थरावर नुसती माती ओतली तर पहिल्याच आठवड्यात तिचे पोपडे सुटतात. भर एकदम घालायची नाही. इंच-दीड इंचाचा थर, थोडं पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. होम प्लेटजवळ बॅटर उभी राहते ती जागा, पिचरच्या पावलापुढचा खड्डा आणि बेसभोवतीचे घसरणीचे चर इथे सगळ्यात जास्त भर लागेल.

पूर्ण सपाट करूनही चालत नाही, पाणी साचतं. होम प्लेटकडून आऊटफिल्डकडे, म्हणजे बेसच्या पलीकडच्या गवताकडे, अर्धा टक्का, म्हणजे ६० फुटांत साधारण साडेतीन इंच उतार हवा. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. त्यासाठी दर दहा फुटांवर खुंट्या मारून दोरी बांधायची आणि प्रत्येक खुंटीवर पातळी घ्यायची. गवंड्यांची पाण्याची लेव्हल नळी असली तरी भागेल, पण डम्पी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची तिकाटण्यावरची दुर्बीण, मिळाली तर काम निम्म्या वेळात उरकेल. वालचंद कॉलेजात सिव्हिल शिकणाऱ्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. उपकरण चालवणारा माणूस मिळाला तर आम्हाला देणगीइतकंच मोलाचं.

अवजारांपैकी तीन तर कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होतील. एक, अँगलची सहा फुटी चौकट, तिच्यात दोन-तीन इंचांवर खिळे. ती ओढली की वरची अर्धा इंच माती सुटी होते. दुसरी, आडव्या अँगलची जड फळी, जी उंच भागाची माती खरवडून पुढे नेते आणि खड्ड्यात सोडते. पातळीचं खरं काम हीच करते. तिसरी, पुढे पाईप जोडलेली लोखंडी जाळी, रोजच्या शेवटच्या हातासाठी. विकत मिळणारी तयार जाळी परदेशी आणि महाग आहे. मापं आणि रेखाटन आम्ही देतो, तुकड्यांत उरलेलं लोखंड आणि वेल्डिंगचे दोन-चार तास तुम्ही द्या.

ट्रॅक्टर मोठा नकोच. त्याच्या चाकांनी जेवढं सपाट होईल तेवढंच पुन्हा दबेल. तासगाव, मिरज भागातल्या द्राक्षबागांत चालतो तो मिनी ट्रॅक्टर आमच्यासाठी नेमका आहे, मागे फळी लावलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीची घाई कशी असते ते ठाऊक आहे, म्हणून बागायतदारांकडे एकच दिवस मागतोय, तोही फवारणी नसेल त्या दुपारचा. डिझेल आमचं, जेवणही आमचंच. कुणाकडे शेताचा लेझर लेव्हलर असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त येण्याआधी तो उतारावर लावता येतो का ते पाहून घ्या. शेताला चालणारी शून्य पातळी इथे चालत नाही.

मातीचं गणित असं. मातीचा भाग साधारण ९,००० चौरस फूट. त्यावर दोन इंचांचा थर म्हणजे १,५०० घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून १५ ब्रास. दाबल्यावर माती बसते, म्हणून पावपट जास्त धरून १९ ब्रास. यात बारीक चाळलेला मुरूम, लाल माती आणि थोडी बारीक क्रश सँड असं मिश्रण हवं. वाळूचा भाग निम्म्याहून जास्त, चिकण माती धरून ठेवण्यापुरती. काळी माती कितीही सुपीक असली तरी नको. मुरमातला एक खडाही चेंडू उडवायला पुरतो, म्हणून चाळल्याशिवाय काहीच टाकणार नाही. देणाऱ्यांनी आधी नमुना आणावा. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवलं की वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकण माती दुसऱ्या दिवशीपर्यंत तरंगत राहते. बरणीवर थर मोजून प्रमाण ठरवू. आणखी एक, जरा स्पष्टच: मुरमासोबत रॉयल्टीची पावती हवी. रात्रीत कुणी आणून टाकलेला ढीग आम्ही घेणार नाही.

कायमचं ठेवायला इंजिनाचं यंत्र आम्ही मुद्दाम मागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की सामान हलवायला फार वेळ नसतो. प्रत्येक अवजार चार जणांना उचलून वरच्या खोलीत नेता आलं पाहिजे.

एकदा पातळी आली की ती टिकवणं हा रोजचा उद्योग आहे. सांगलीत तालमीचा हौदा पहाटे खणून सारखा केल्याशिवाय कुस्ती धरत नाहीत. तशीच सरावानंतर जाळी फिरेल, आणि ती मुलंच फिरवतील, पाळ्या लावून. सावकाश ओढायची, रोज दिशा बदलायची, आणि गवताच्या कडेपासून फूटभर आत थांबायचं. नाहीतर माती गवतात साचून बांध तयार होतो, पाणी आत अडतं आणि चेंडू तिथे उडतो. कडेला हाताने दाताळं. कोरड्या मातीवर आधी पाणी. चिखलात कुणी पाय घालायचा नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एखादा पाण्याचा टँकर कुणी लावून दिला तर त्याची मोठी मदत होईल.

बेसबॉललाही हेच मैदान चालेल का, हा बेसबॉलवाल्या पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यात बेस ९० फुटांवर आणि पिचरला १० इंच उंच माऊंड, म्हणजे मातीचा उंचवटा, लागतो, सॉफ्टबॉलला पिचरची जागा सपाटच लागते. एकाच इनफिल्डमध्ये दोन्ही कायमचे बसत नाहीत. आधी ही पातळी होऊ द्या, हलवता येणाऱ्या माऊंडचं पुढच्या वर्षी बघू.

वस्तू किंवा श्रम देता येत नसतील त्यांनी एक ब्रास मातीचा खर्च उचलावा, किंवा दोघातिघांनी मिळून एक. पैसे रोख देऊ नयेत. चेक किंवा बँकेतून, मंडळाच्याच खात्यात, पावती लगेच मिळेल. देणगीवरची करसवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तीन ठिकाणची दरपत्रकं मैदानावरच्या फलकावर लावली आहेत, खर्चाचा हिशोबही तिथेच लागेल. देणगीदारांची नावं हवी असतील तर फलकावर लिहू. बेसवर मात्र कुणाची जाहिरात रंगवणार नाही.

श्रमदान दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सहापासून. घमेलं, खोरं, दाताळं घरी असेल तर सोबत आणा, नाव लिहून, म्हणजे परत करताना वाद नको. त्याआधी काही विचारायचं असेल, मातीचा नमुना दाखवायचा असेल किंवा फळीचं रेखाटन न्यायचं असेल, तर रोज संध्याकाळी साडेपाचनंतर मैदानावर या. सराव चालू असतो, तिसऱ्या बेसच्या मागून या म्हणजे चेंडू लागणार नाही.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, खेळाडू आणि पालक
सांगली