जिप्सी, ओढा आणि माझा जॉइंट

पक्या,

दीड वर्षात तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवतोय, तर आधी शिव्या घालून घे. माझी शुगर आहे तशीच, बीपीची गोळी चालू. झालं. मुद्दा वेगळाच आहे आणि तो घरात कुणाला सांगायची सोय नाही.

रविवारी जिप्सीला नवे एलईडी लाइट बसवायला घेतले, घरीच, पार्किंगमध्ये. ह्या वेळी सगळं रीतसर, म्हणजे 2011 मध्ये तू बोंबलून सांगत होतास तसं. बॅटरीच्या प्लसवरून सरळ वायर, वीतभरातच फ्यूज (बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला वाली कोणीच नसतो, तो घासून बॉडीला टेकला की पेटलाच), मग रिले (स्विचच्या जरा करंटवर मोठा लोड जोडणारा डबा), त्याच्या पिना: 30 ला बॅटरी, 87 ला लाइट, 86 ला स्विच, 85 अर्थ. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेट, आणि भोकाच्या कडेला गंज धरू नये म्हणून रंगसुद्धा लावला, हसू नकोस. दोन्ही लाइट मिळून 36 वॅट, जेमतेम तीन अँपिअर.

स्विचच्या वायरसाठी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं आणि आत माझा वायरींचा जॉइंट दिसला. तोच, 2011 चा. पिळलेला, वर काळी टेप, तीही घामेजून सुटलेली. इग्निशनच्या वायरलाच टॅप मारला होता मी! शंभर-शंभर वॅटचे दोन हॅलोजन, म्हणजे सोळा-सतरा अँपिअर, ना रिले ना फ्यूज, सगळा लोड किल्लीतून. इन्सुलेशनचा कोळसा झालाय, किल्लीमागचा वायरींचा कपलर वितळून वाकडा.

आता ठोसेघरच्या पुढचा ओढा आठव. तासभर हॅलोजन लावून आपण येतोय, तू पाण्यात घातलीस, मधोमध गाडी बंद. स्टार्टर फिरतोय पण स्पार्कच नाही. मी तिथेच ओरडलो की स्पीडने घातलीस, डिस्ट्रिब्युटरमध्ये, प्लगांना स्पार्क वाटतो त्यात, पाणी गेलं. मग कॅप काढून रुमालाने पुसली, अर्ध्या तासाने गाडी चालू झाली, म्हणजे माझंच खरं. अरे, कॅप कोरडीच होती तू म्हणालास तशी! जॉइंट थंड झाला, परत टेकला, कॉइलला करंट मिळाला, स्पार्क आला, एवढंच. मी रविवारी तासभर जमिनीवर तसाच बसून होतो, बायकोला वाटलं कंबर धरली.

गाडी ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे हजार रुपये तू भरलेस ते जीपे करतो. व्याज मागू नकोस, कारण माझा टो-हूक तू अजून दिलेला नाहीस, आणि तो तू हरवलास हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण खरी पंचाईत अण्णांची. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते अजून ती गोष्ट सांगतात, ‘पक्याने गाडी बुडवली’, आणि पाणी दर वर्षी वाढतंय, आता बॉनेटपर्यंत आलंय. त्यानंतर त्यांनी तुला किल्लीला हात लावू दिला नाही, तू मस्कतला जायच्या आदल्या दिवशी एक चक्कर मागितलीस तेव्हासुद्धा. आणि मी तिथेच उभा होतो रे. ब्याऐंशीचे झाले ते. आता सांगावं तर म्हणतील गाडीच विक. न सांगावं तर परवा परत पाहुणे आहेत.

तुझं कसं चाललंय, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, पोरीची दहावी ह्या वर्षी ना?

लाइट अजून लावलेले नाहीत, आधी कपलर आणि किल्लीचा स्विच नवा टाकतोय. तो जळका तुकडा कापून खिळ्यांच्या डब्यात ठेवलाय. तू अण्णांना फोन करू नकोस. परवा पाहुण्यांसमोर गोष्ट ओढ्यापर्यंत आली की मी डबा घेऊन बाहेर येतो.

तुझा,
बाळ्या