अडकलेला पगार मिळाला, मनापासून आभार

भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्याने अडवून ठेवलेला पगार आणि ओव्हरटाइम अखेर खात्यात जमा झाला.

अर्ज लिहून देणारे काका, तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ चं कलम ५९ तुम्हीच समजावलंत: दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर. आम्हाला सिंगलही पुरता मिळत नव्हता!

मस्टरवर सगळ्यांची सुटी साडेपाचची दाखवली होती. पण गेटवरच्या वॉचमनदादांनी आमच्या खऱ्या वेळा स्वतःच्या वहीत टिपलेल्या. तीच वही कामी आली. आणि नोकरी पणाला लावून साक्षीला आलेल्या पॅकिंगमधल्या ताईंनो, हे उपकार कसे फेडू? नावं मुद्दाम लिहीत नाही, तुमच्यातले काही अजून तिथेच कामाला आहेत.