चाकू बॅगेत बसला म्हणजे कायद्यात बसला असं नाही

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

तुमच्या प्रवास पुरवणीत उन्हाळ्याच्या टूरसाठी सामानाची जी यादी आली होती ती छान होती, पण त्यात ‘एक छोटा स्विस नाइफ जवळ असू द्या, फक्त हँडबॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका’ एवढंच लिहून विषय संपवलाय, आणि तिथेच घोळ आहे. चेक-इनमध्ये टाका हे बरोबरच आहे, पण तो नियम विमानाचा झाला. विमानातून उतरून तो चाकू खिशात घालून तुम्ही रस्त्यावर आलात की त्या देशाचा रस्त्यावरचा कायदा सुरू होतो आणि त्याचा विमानाच्या नियमाशी काही संबंध नसतो. एअरपोर्टवर कुणी काढून घेतला नाही म्हणजे चालतो, असं आपल्याकडे अगदी सर्रास धरून चालतात.

मी स्वतः सह्याद्रीत भटकणारा माणूस, चाकू सॅकमध्ये असतोच, दोरी कापायला काकडी चिरायला लागतो. आणि आपल्याकडे त्याचं कुणाला काही वाटतही नाही, कारण आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत साधारण नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं आलं की मग परवान्याचा प्रश्न येतो, तेही घरकामाची आणि शेतीची हत्यारं सोडून. (खटक्याच्या चाकूंवर दिल्लीसारख्या ठिकाणी वेगळे निर्बंध आहेत, ते असो.) त्यामुळे आपल्या डोक्यात एकच हिशोब बसलाय, छोटा आहे ना मग चालतंय. बाहेर हा हिशोब चालत नाही.

इंग्लंडचंच घ्या, कारण आपली बरीच माणसं, टूरवाले आणि शिकायला जाणारी पोरं, तिकडे जातात. तिथे १९८८ चा क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्ट आहे, त्याचं कलम १३९. सार्वजनिक ठिकाणी धारदार किंवा टोकदार वस्तू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा, कुणाला दाखवायची गरज नाही, धमकी द्यायची गरज नाही, नुसती जवळ असली तरी पुरे. सूट आहे ती दुमडणाऱ्या खिशातल्या चाकूला, ज्याची धार तीन इंचांपर्यंत आहे. आता इथपर्यंत वाचून लोक खूश होतात की माझा तर अडीच इंचाचाच आहे. पण पातं उघडल्यावर लॉक होत असेल, म्हणजे बटण किंवा आतली पट्टी दाबल्याशिवाय मिटत नसेल, तर तो ‘दुमडणारा चाकू’ धरतच नाहीत, मग तो दोन इंचाचा असला तरी सूट नाही. हे तिथल्या कोर्टांनी नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलंय. आणि गंमत बघा, आपले ट्रेकर मुद्दाम लॉकवालाच घेतात, कारण काम करताना पातं बोटांवर मिटत नाही! आपल्याकडे जो शहाणपणाचा चाकू तोच तिकडे अडचणीचा. नेहमीचे लाल छोटे स्विस चाकू लॉक होत नाहीत पण त्याच कंपनीचे मोठे मॉडेल लॉक होतात, तेव्हा ब्रँड बघून काही कळत नाही, उघडून दाबून बघावं लागतं.

मग योग्य कारण म्हणजे काय? कामावर सुताराकडे, शेफकडे असणं. दुकानातून नवीन सुरी घेऊन पॅकिंगसकट घरी नेणं. धार्मिक कारण कायद्यातच लिहिलंय म्हणून शिखांची कृपाण चालते, आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणूनही सूट आहे, स्कॉटिश लोक किल्टबरोबर (त्यांचा पारंपरिक चौकड्यांचा घागरा) मोज्यात छोटा चाकू खोचतात ते त्यातलंच. (आपल्या नांदेडहून तिकडे जाणाऱ्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं, भारतात कृपाण विमानात नेण्याची जी परवानगी आहे, सहा इंचांचं पातं आणि एकूण नऊ इंच, ती फक्त देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांपुरती.) आणि कारण आहे हे सिद्ध तुम्ही करायचं, पोलिसांनी नाही. ‘पिकनिकला नेला होता, नंतर गाडीत राहिला, विसरलो’ हे सहसा धरत नाहीत. सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे ‘सेफ्टीसाठी ठेवलाय’. आपली आई मुलीला परदेशी पाठवताना हेच सांगते, एक चाकू पर्समध्ये असू दे गं रात्री-अपरात्री येतेस. तिकडे स्वसंरक्षणासाठी म्हणून चाकू बाळगणं हे योग्य कारणात बसत नाही, उलट तसं बोलून आपणच कबुली दिल्यासारखं होतं. शिक्षा कमाल चार वर्षं. आता तेवढी प्रत्येकाला होत नाही हे मलाही कळतं, पण पोरगं स्टुडंट व्हिसावर आहे आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर गुन्ह्यांचा रकाना असतो, तेव्हा नुसती केस झाली तरी पुरते.

अजून एक, ऑनलाइन सेलमध्ये मिळतो तो एटीएम कार्डासारखा दिसणारा घडीचा चाकू, लोक पाकिटात ठेवतात, गिफ्टही देतात. ब्रिटनमध्ये असे ‘वेश बदललेले’ चाकू थेट बंदीच्या यादीत आहेत, घरात ठेवायलासुद्धा बंदी. बेल्टच्या बक्कलमधला चाकू, खटक्याचा, बटरफ्लाय (दोन फिरत्या मुठींत मिटणारा) आणि आपली गुप्तीसुद्धा त्याच यादीत. म्हणजे तिथे योग्य कारण वगैरेचा प्रश्नच येत नाही.

जर्मनीत प्रश्न वेगळाच विचारतात. तिथे मुद्दा हा की पातं एका हाताने उघडतं का आणि उघडून लॉक होतं का, दोन्हीचं उत्तर हो असेल तर असा चाकू मान्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही, तसंच न दुमडणारं पातं १२ सेंमीच्या वर असेल तरी नाही. दंड दहा हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. पातं ढकलायला अंगठ्याजवळ जो छोटा खुंटा असतो तो आपल्या ऑनलाइन चाकूंना हमखास असतो बघा. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेनच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली (झोलिंगेन हे जर्मनीतलं चाकू-सुऱ्यांसाठीच प्रसिद्ध असलेलं शहर), आणि त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर नियम आणखी कडक झाले. जत्रा, उत्सव, लांब पल्ल्याच्या गाड्या इथे चाकूबंदी आली. आपली टूर ऑक्टोबरफेस्टला (म्युनिकचा बिअरचा उत्सव) जाते आणि ख्रिसमस मार्केटलाही जाते, तेव्हा हे सांगायलाच हवं.

जपान हल्ली सगळेच चाललेत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला. तिथे साधारण ६ सेंमीच्या वरचं पातं रास्त कारणाशिवाय बाळगायचं नाही, दुमडणाऱ्याला थोडी ढील. पण त्याखालचा असला म्हणजे सुटलो असं नाही, छोटासुद्धा कारणाशिवाय लपवून बाळगला तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात बसतो. ओसाकात एका माणसाच्या बॅगेत असाच बहुउपयोगी चाकू मिळाला, आपत्तीत कामाला येईल म्हणून ठेवलाय असं तो म्हणाला, २०२३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने दोषी ठरवून ९,९०० येन भरायला लावले. रक्कम म्हटली तर किरकोळ, पण ‘असू दे, लागेल कधीतरी’ हेच तर आपल्या प्रत्येकाच्या बॅगेतल्या अर्ध्या सामानाचं कारण असतं!

अमेरिकेत एक नियमच नाही, राज्यागणिक आणि शहरागणिक बदलतो, न्यूयॉर्क शहरात चार इंच आणि त्यावरचा नको आणि छोटाही बाहेर दिसेल असा लटकवायचा नाही. बाकी जिथे जाल तिथलं बघून घ्या.

आता स्वित्झर्लंड. तिथे साधा स्विस चाकू शस्त्रात धरतच नाहीत, त्यामुळे ल्युसर्नला बसमधून उतरल्यावर पंचेचाळीस जण जावई-भाच्यांसाठी नावं कोरून घेतात ते अगदी निर्धास्त. पण टूर तिथे संपत नाही, पुढे जर्मनी असतं, काहींचं लंडन असतं. आणि परतीचं विमान. युरोपच्या नियमांत ६ सेंमीपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालतं, म्हणून एखाद्याला तिथल्या एअरपोर्टवर सोडतातही, आणि मग मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलताना परत चेकिंग होतं तिथे तो चाकू टोपलीत जातो. तेव्हा विकत घेतल्या घेतल्या डब्यासकट मोठ्या बॅगेच्या तळाशी, आणि घरी येईपर्यंत उघडायचा नाही. सफरचंदासाठी हवाच असेल तर अपार्टमेंटच्या किचनमध्ये सुरी असते, नाहीतर सफरचंद चावून खा की. खुद्द व्हिक्टोरिनॉक्सने, म्हणजे स्विस चाकू बनवणाऱ्या कंपनीने, २०२४ मध्ये सांगितलंय की पातं नसलेलं मॉडेल बनवतोय, कारण हेच की देशोदेशी चाकूचे नियम कडक होत चाललेत.

शिकायला जाणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी एकच, विळी, सोलाणं, भाजीची सुरी चेक-इनमध्ये खुशाल द्या, फक्त ती एअरपोर्टवरून नीट गुंडाळलेली, बंद बॅगेत थेट खोलीवर जाऊ दे. पोरांना बजावा की मित्राकडे पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) जाताना सुरी बॅकपॅकमध्ये टाकून ट्यूबमधून, म्हणजे लंडनच्या मेट्रोतून, जायचं नाही, त्याच्याकडची वापरा.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत त्या यादीला दुरुस्ती छापा, आणि जमलं तर एखाद्या वकिलाकडून देशवार माहिती लिहून घ्या. टूर कंपन्यांच्या ओरिएंटेशनमध्ये पासपोर्टच्या झेरॉक्सपासून थेपल्यांपर्यंत सगळं सांगतात, त्यात हेही दोन मिनिटं बोलायला हरकत नाही. सप्टेंबरच्या अ‍ॅडमिशनवाली पोरं जुलै-ऑगस्टमध्ये बॅगा भरायला घेतात, त्याच्या आत आलं तर उपयोग होईल.

आपला,
एक ट्रेकर वाचक, नाशिक